नाताळची तयारी नोव्हेंबरात: फ्रूट केक, पुडिंग, स्टोलन आणि मधाची बिस्किटं

नाताळच्या पदार्थांचं वेळापत्रक शेवटाकडून मांडत यावं लागतं. २५ डिसेंबरला ताटात काय हवं ते आधी ठरवायचं आणि कोणत्या पदार्थाला मुरायला किती दिवस लागतात ते मागे मागे मोजत जायचं. फ्रूट केकला चार आठवडे, वाफवलेल्या पुडिंगला तेवढेच किंवा जास्त, जर्मनीतल्या स्टोलन या गोड पावाला दोन-तीन आठवडे, मधाच्या बिस्किटांनाही तेवढेच. म्हणजे काम नोव्हेंबरच्या मध्याला सुरू होतं. प्रत्यक्ष हाताचं काम एकूणात फार नाही, थांबणं फार आहे. आणि बहुतेक वेळा पदार्थ बिघडतो तो या थांबण्यात काटछाट केल्यामुळे.

२०२५च्या नाताळला हे चारही पदार्थ घरच्या ओव्हनवर आणि शेगडीवर केले. क्रम, तारखा आणि प्रमाणं जशी होती तशी लिहितो आहे. सगळं वजन ग्रॅममध्ये आहे. स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा नसेल तर तो आधी आणा. मैदा वाटीने मोजला की भरणाऱ्याच्या हातागणिक वजन बदलतं, आणि स्टोलनमध्ये ते लगेच जाणवतं.

१२ नोव्हेंबर, संत्र्याची साल

साखरेत मुरवलेली साल केक, पुडिंग आणि स्टोलन या तिन्हींत लागते, म्हणून पहिलं काम तिचं. तयार मिळते, पण ती बहुतेकदा नुसती गोड आणि चिवट असते. चार-पाच जाड सालीची संत्री आणि दोन मोठी लिंबं घेतली. साल आतल्या पांढऱ्या भागासकट काढायची, कारण पाक शोषून घेतो तो हाच भाग. एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून गार पाण्यात घालायच्या, उकळी आल्यावर दहा मिनिटं ठेवायच्या, पाणी फेकायचं. असं तीनदा. कडूपणा या पाण्याबरोबर निघून जातो.

तिसऱ्या वेळेनंतर एक पट्टी बोटांत दाबून बघा. सहज चिरडली तरच पाकात घाला. कच्च्या सालीत साखर शिरली की ती पुढे कितीही उकळा, मऊ होत नाही. पाक समान वजनाच्या साखर-पाण्याचा. मंद आचेवर तासभर, साल अर्धपारदर्शक दिसेपर्यंत. मध्ये ढवळायचं नाही, नाहीतर साखरेचे खडे धरतात. रात्रभर पाकातच ठेवून दुसऱ्या दिवशी जाळीवर काढली आणि दोन दिवस सुकवली. उरलेला पाक टाकू नका. ज्यांना दारू चालत नाही त्यांच्यासाठी मनुका भिजवायला तो कामाला येतो.

२० नोव्हेंबर, सुकामेवा भिजवणं

केकसाठी: लहान काळ्या मनुका (करंट) ४०० ग्रॅम, बेदाणे २५० ग्रॅम, मोठ्या काळ्या मनुका १५० ग्रॅम, चेरी १०० ग्रॅम, साखरेतली साल ७५ ग्रॅम आणि ब्रँडी १२० मिलिलिटर. खर्चाचा सर्वात मोठा वाटा इथेच जातो. त्याखालोखाल लोणी आणि बदाम. स्टोलनसाठी लागणारे बेदाणेही याच खेपेत आणले.

मनुका धुवायच्याच, देठं आणि बारीक खडे असतात. धुतल्यावर मात्र कापडावर पसरून पूर्ण कोरड्या होऊ द्यायच्या, कारण ओल्या मनुकांनी ब्रँडी ओढून घेण्याऐवजी पाणीच केकमध्ये जातं आणि पुढे बुरशीचं निमित्त होतं. पाकातल्या चेरी गरम पाण्याने धुवून, पुसून, अर्ध्या करून घ्या. केक कापल्यावर सगळ्या चेरी तळाशी बसलेल्या दिसतात त्याचं एक कारण त्यांच्यावरचा चिकट पाक असतो, दुसरं पातळ पीठ.

सुकामेवा वर्षभर भिजवून ठेवण्याचं कौतुक ऐकू येतं. त्याने बिघडत काही नाही, पण मनुका दोन दिवसांत पुरेशा फुगतात. दारू नको असेल तर संत्र्याचा रस आणि कडक काळा चहा निम्मे निम्मे घेऊन फ्रीजमध्ये रात्रभर भिजवा. असा केक चवीला उत्तम होतो, टिकत मात्र नाही. तो एकतर नाताळच्या आठवड्यातच करायचा किंवा करून फ्रीझरमध्ये ठेवायचा.

२२ नोव्हेंबर, शनिवार: केक

२० सेंटिमीटरच्या गोल, खोल साच्यासाठी: बिनमिठाचं लोणी २२५ ग्रॅम, गडद तपकिरी साखर २२५, अंडी ४ मोठी, मैदा २२५, बदामाची पूड ५०, जाडसर चिरलेले बदाम ७५, काळी काकवी १ मोठा चमचा, एका संत्र्याची आणि एका लिंबाची किसलेली साल, दालचिनी १ छोटा चमचा, जायफळ आणि लवंग मिळून अर्धा, चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर नाही. ती विसरलेली नाही. हा केक फुगवायचाच नसतो. फुगला तर माथा घुमटासारखा वर येतो, तडकतो आणि कापताना भुगा होतो.

साचा तयार करायला अर्धा तास धरा, आणि हा अर्धा तास वाचवू नका. आतून बेकिंग पेपरचे दोन थर, बाहेरून जाड खाकी कागदाचे दोन थर गुंडाळून सुतळीने बांधायचे. साच्याच्या कडेपेक्षा कागद पाच-सहा सेंटिमीटर उंच हवा. चार तासांच्या भाजणीत कडेची साखर जळून कडू होते आणि मध्य तोवर कच्चाच असतो, कागदामुळे कडेला उष्णता हळू पोचते. ओव्हनच्या दांड्यांना किंवा ज्योतीला कागद टेकणार नाही हे आधी साचा रिकामा ठेवून बघा.

लोणी, अंडी, सगळं बाहेर काढून २०-२२ अंशांवर आलेलं हवं. लोणी आणि साखर फिकट होईपर्यंत आठ-दहा मिनिटं फेटा. मग अंडी फेटून एकेक चमचा घाला. लक्ष द्यायचं ते इथे. मिश्रण आतापर्यंत गुळगुळीत, सलग, भांड्याला धरून असतं. तिसऱ्या अंड्याच्या आसपास ते अचानक दाणेदार दिसू लागतं आणि कडेला पातळ पाणी सुटतं. ते फाटायला लागलं आहे. अंडी गार होती किंवा घाईने घातली. लगेच एक चमचा मैदा घालून फेटलं तर बहुतेक वेळा सावरतं. तरीही फाटलेलं राहिलं तर टाकून देऊ नका, केक थोडा घट्ट होईल, इतकंच.

मैदा आणि मसाले चाळून हलक्या हाताने मिसळायचे, मग सुकामेवा (भांड्याच्या तळाशी ब्रँडी उरली असेल तर ती बाजूला ठेवून), साल, बदाम, काकवी. पीठ इतकं घट्ट हवं की चमचा उलटा केला तर ते खाली पडायला वेळ लागेल. साच्यात भरून मध्यभागी चमच्याच्या पाठीने किंचित खड्डा करायचा, म्हणजे भाजल्यावर माथा सपाट येतो. वर बेकिंग पेपरची दुहेरी चकती, मध्ये रुपयाएवढं भोक.

१४० अंश सेल्सिअस, पंखा बंद. पंखा बंद होत नसेल तर १२० ते १२५. पहिले तीन तास दार उघडू नका. पावणेचार तासांनी मध्यभागी सुई घातली तर ओलं पीठ लागत होतं, सव्वाचार तासांनी स्वच्छ निघाली. सुईला मनुकेचा चिकटपणा लागला तर फसायला होतं, म्हणून दोन-तीन ठिकाणी घालून बघावी. दुसरी खूण कानाची: केक बाहेर काढून कान जवळ न्या. आतून चुरचुर असा बारीक आवाज येत असेल तर आत पाणी अजून उकळतंय, परत ठेवा. आवाज जवळजवळ थांबलेला असला की झालं. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९५ ते ९८ अंश.

साच्यातच पूर्ण गार होऊ द्यायचा, म्हणजे रात्रभर. गरम असताना सुईने दहा-बारा भोकं पाडून दोन चमचे ब्रँडी घातली. दुसऱ्या दिवशी आधी बेकिंग पेपरमध्ये आणि त्यावर फॉइलमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवला. फॉइल थेट केकला लावू नका, फळांच्या आंबटपणाने ॲल्युमिनियमला बारीक छिद्रं पडतात आणि केकवर करडे डाग येतात. २९ नोव्हेंबर आणि ६ डिसेंबरला पुन्हा दीड-दीड चमचा. यापेक्षा जास्त पाजू नका, ब्रँडी तळाशी साठून खालचा थर लगदा होतो.

२३ नोव्हेंबर, रविवार: पुडिंग

आगमनकाळ (ॲडव्हेंट, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार धरणारा काळ) सुरू होण्याच्या आधीचा हा शेवटचा रविवार. इंग्लंडमध्ये पुडिंग ढवळण्याचा हाच पारंपरिक दिवस: घरातला प्रत्येक जण पीठ एकदा ढवळतो, पूर्वेकडून पश्चिमेकडे, कारण बाळ येशूच्या दर्शनाला तीन ज्ञानी पुरुष पूर्वेकडून आले होते. ख्रिस्त आणि बारा प्रेषित म्हणून जिन्नसही तेरा, अशी रीत सांगतात. मोजून तेरा करण्याच्या फंदात पडलो नाही. तारीख मात्र सोयीची आहे, बरोबर एक महिना मिळतो.

१.२ लिटरच्या एका भांड्यासाठी: स्यूएट ११० ग्रॅम, पांढऱ्या पावाचा ताजा चुरा ११०, मैदा ५०, गडद तपकिरी साखर २००, मिश्र मनुका ४००, साल ३०, चिरलेले बदाम ३०, एक किसलेलं आंबट सफरचंद, लिंबाची आणि संत्र्याची साल, दालचिनी-जायफळ-लवंग मिळून दीड छोटा चमचा, अंडी २, काळी बिअर किंवा दूध १५० मिलिलिटर, दोन चमचे ब्रँडी. सगळं एकत्र करून झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तरी चालतं.

स्यूएट म्हणजे बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी. ती लोण्यापेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला वितळते. तोवर आजूबाजूचं पीठ थोडं घट्ट झालेलं असतं, आणि चरबी वितळून गेली की तिच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. इतका जड पदार्थ खाताना दगडासारखा लागत नाही तो यामुळे. ज्यांना ती नको त्यांनी वनस्पती तेलाचं तयार स्यूएट घ्यावं. तेही नसेल तर लोणी फ्रीझरमध्ये दगडासारखं गोठवून जाड किसणीवर किसावं आणि लगेच पिठात मिसळावं. पोत थोडा दाट येतो, चव छान.

भांड्याला लोणी लावून पीठ भरा, वर दोन-तीन सेंटिमीटर मोकळे. झाकायला बेकिंग पेपर आणि फॉइल एकत्र घेऊन मध्ये एक चुणी घालायची, कारण पुडिंग फुगतं आणि चुणी नसेल तर कागद फाटून आत पाणी शिरतं. कडेखाली सुतळी घट्ट आवळून तिचाच वरून एक दांडा बांधा. आठ तासांनी उकळत्या पाण्यातून ते जड भांडं उचलताना तो नसेल तर हात भाजणारच.

मोठ्या पातेल्यात तळाशी उलटी बशी, तिच्यावर भांडं, निम्म्या उंचीपर्यंत उकळतं पाणी, घट्ट झाकण. मंद उकळीवर आठ तास. दर अर्ध्या तासाने पाणी बघायचं, त्यासाठी मोबाइलवर गजर लावला. वरून घालायचं पाणीही उकळतंच हवं: गार पाण्याने वाफ थांबते आणि काचेचं भांडं तडकू शकतं. प्रेशर कुकरमध्ये वेळ निम्म्याहून कमी लागतो, पण पहिली पंधरा-वीस मिनिटं शिटी न लावता वाफवावं लागतं, आणि आतलं पाणी किती उरलं ते दिसत नाही. मला उघडं दिसणारं पाणी बरं वाटतं. एकाच पातेल्यात ६०० मिलिलिटरची दोन भांडी बसत असतील तर ती सहा तासांत होतात, आणि गॅस दोघांना मिळून एकदाच जळतो.

पुडिंगचा रंग हीच त्याची परीक्षा. चार तासांनी काढलं तर ते फिकट तपकिरी असतं, खाता येतं, पण त्याला ती खोल चव नसते. साखर आणि प्रथिनं इतका वेळ तापल्यावरच काळसर रंग येतो. पूर्ण गार झाल्यावर झाकणाचा ओला कागद काढून नवा कोरडा बांधायचा. ही गोष्ट विसरली तर बुरशी वरूनच सुरू होते. बुरशी दिसली तर तेवढा भाग कापून बाकीचं खायचा मोह नको, सगळं टाका. थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवावं. घर उबदार असेल तर फ्रीजमध्ये.

२८ आणि २९ नोव्हेंबर, मधाची बिस्किटं

हा सोपा भाग आहे. मध २०० ग्रॅम, साखर १००, लोणी ७५ मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, उकळायचं नाही. कोमट झाल्यावर एक अंडं, मग मैदा ४००, सुंठ २ छोटे चमचे, दालचिनी २, लवंग-वेलची-जायफळ मिळून १, खायचा सोडा १ छोटा चमचा. पीठ चिकट दिसेल आणि हात आपोआप मैद्याच्या डब्याकडे जाईल. घालू नका. रात्रभर फ्रीजमध्ये ते आपणहून घट्ट होतं, जास्तीच्या मैद्याने मात्र बिस्किटं कायमची कडक होतात. दुसऱ्या दिवशी पाच मिलिमीटर जाड लाटून, कापून, १८० अंशांवर दहा-बारा मिनिटं. कडा रंगल्या की काढा. मध चटकन करपतो, शेवटच्या दोन मिनिटांत ओव्हनसमोरून हलू नये.

जर्मनीत याला बरेचदा सोड्याऐवजी अमोनियम कार्बोनेट वापरतात. भाजताना त्याचा डोळ्यांत पाणी आणणारा वास येतो आणि तो निघून जाणं आवश्यक असतं, म्हणून ते फक्त पातळ बिस्किटांना चालतं. ते घातलेलं कच्चं पीठ चाखू नये. न्युरेनबर्गच्या 'एलिझेन' जातीच्या बिस्किटांचा नियम आणखी कडक आहे: बदाम, हेझलनट किंवा अक्रोड किमान २५ टक्के आणि पीठ जास्तीत जास्त १० टक्के. ती लाटता येत नाहीत, पातळ वेफरवर थापावी लागतात.

भाजल्यावर बिस्किटं दगडासारखी लागतात. घाबरू नका. मध हवेतला ओलावा ओढतो, आणि डब्यात दोन आठवड्यांत ती मऊ पडतात. घाई असेल तर डब्यात सफरचंदाची एक फोड वाटीत ठेवा, दर दोन दिवसांनी बदला. एक वर्षाखालच्या बाळांना ही देऊ नका, मध भाजल्याने त्यांच्यासाठी सुरक्षित होत नाही.

६ डिसेंबर: स्टोलन

स्टोलन म्हणजे सुकामेव्याने भरलेला, यीस्टवर फुगवलेला जड गोड पाव. त्याचं मुख्य गाव ड्रेस्डेन. आगमनकाळ हा उपवासाचा काळ असल्याने पूर्वी यात लोणी चालत नसे, तेल वापरावं लागे आणि पाव कोरडा होई. १४९१ मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी पत्र पाठवून लोण्याची परवानगी दिली. आता परिस्थिती उलटी आहे. ड्रेस्डेनचं नाव लावायचं तर वजनाने मैद्याच्या किमान निम्मं लोणी, ६५ टक्के बेदाणे, २० टक्के साखरेतली साल आणि १५ टक्के बदाम हवेतच, मार्गारीन चालत नाही. २०१० पासून या नावाला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. आपण घरी करतो त्याला ते नाव लावायचा प्रश्न नाही, पण प्रमाण उचलायला कोणाची हरकत नाही.

त्या हिशेबाने: मैदा ५०० ग्रॅम, लोणी २५०, बेदाणे ३२५, साल १००, चिरलेले बदाम ७५. शिवाय दूध १४० मिलिलिटर, साखर ६०, इन्स्टंट यीस्ट १२ ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, लिंबाची साल, चिमूटभर जायपत्री. बेदाणे आदल्या रात्री ६० मिलिलिटर रममध्ये भिजवून सकाळी चाळणीत निथळत ठेवले.

लोण्याचं हे प्रमाण यीस्टला जड जातं. पिठाला चरबीचा लेप बसला की तंतू तयार होत नाहीत आणि फुगणं मंदावतं. म्हणून आधी १५० ग्रॅम मैदा, कोमट दूध (३० ते ३५ अंश), यीस्ट आणि चिमूटभर साखर यांचं घट्टसर पीठ भिजवून पाऊण तास ठेवायचं. ते फुगून मध्ये खचायला लागलं की बाकीचा मैदा, साखर, मीठ घालून मळायचं आणि मऊ लोणी शेवटी, तीन-चार वेळा थोडं थोडं. लोणी वितळलेलं नको. पीठ चकचकीत होऊन बोटाच्या ठशावर हळू परत येतं तोवर मळा, साधारण दहा मिनिटं. मग तासभर विश्रांती. दुप्पट होण्याची वाट पाहू नका, होणार नाही. जरा हलकं वाटलं की पुरे.

आता सुकामेवा. पीठ पसरून त्यावर तो सारखा टाका, घडी घाला, दाबा, पुन्हा घडी. एकजीव झाला की थांबा. पुढे मळत राहिलात तर बेदाणे फुटतात, रस पिठात उतरतो आणि पाव आतून करडा दिसतो. अर्ध्या तासाने दोन भाग करून लांबट आकार द्यायचा, मध्ये लाटण्याने खोलगट करून एक बाजू दुसरीवर दुमडायची. पीठ हाताखाली तुपकट लागू लागलं तर ते फार गरम झालंय. वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवूनच आकार द्या, नाहीतर ओव्हनमध्ये भाकरीसारखं पसरेल. वर डोकावणारे बेदाणे आत ढकला किंवा काढून टाका, जळलेल्या एका बेदाण्याने सगळा घास कडू होतो.

१७० अंशांवर पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं, आत ९२-९४ अंश. बाहेर काढल्या काढल्या १२५ ग्रॅम वितळलेलं लोणी वरून, खालून, कडांनी लावत राहायचं, सगळं संपेपर्यंत. मग त्यावर साधी साखर, आणि पूर्ण गार झाल्यावर पिठीसाखरेचा जाड थर. हे लोणी-साखरेचं कवच ओलावा आत धरून ठेवतं, त्यात कंजूषी केली तर पाव आठवड्यात सुकतो. कागद, फॉइल आणि वर पिशवी असं गुंडाळून गार जागी. पहिल्या दिवशी चाखलेला तुकडा निव्वळ मनुकांचा जड पाव लागतो. दोन आठवड्यांनी मसाला, लोणी, रम वेगळे ओळखू येत नाहीत.

१३ आणि २० डिसेंबर, केकची सजावट

केक उलटा करायचा, म्हणजे सपाट तळ वर येतो. गाळलेला, कोमट जर्दाळूचा जॅम लावून त्यावर पाच मिलिमीटर जाड मार्झिपान (बदाम आणि साखरेचा लाटता येणारा गोळा). २० सेंटिमीटरच्या केकला साधारण ७०० ग्रॅम लागतं. मग तसाच, गुंडाळल्याशिवाय, आठवडाभर सुकू द्यायचा. लगेच आयसिंग केलं तर बदामाचं तेल वर झिरपून पांढऱ्यावर पिवळे डाग पडतात.

आयसिंगला तीन अंड्यांचा पांढरा भाग, सुमारे ६०० ग्रॅम चाळलेली पिठीसाखर, दोन छोटे चमचे लिंबाचा रस, एक छोटा चमचा ग्लिसरीन. ग्लिसरीन नसेल तर नाताळच्या दिवशी सुरीने नव्हे, छिन्नीने केक फोडावा लागेल. पांढरा भाग इथे कच्चाच राहतो, त्यामुळे घरात गर्भवती, लहान मुलं किंवा वृद्ध असतील तर पाश्चराइज केलेली वाळवलेली पूड वापरा. गुळगुळीत फिनिश जमलं नाही तर चमच्याच्या पाठीने टोकं उचलायची, बर्फासारखं दिसतं आणि सगळ्या खाचाखोचा झाकल्या जातात.

२५ डिसेंबर

पुडिंग जेवणाच्या अडीच तास आधी पुन्हा वाफेवर, दोन तास. अख्खं पुडिंग मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. साखर आणि चरबी मधोमध इतकी तापते की आतून करपू शकतं. उरलेली एक फोड गरम करायला मात्र तो ठीक आहे. सोबतचं ब्रँडी बटर आदल्या दिवशीच झालं होतं: १०० ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम पिठीसाखर, तीन चमचे ब्रँडी. ब्रँडी थेंबाथेंबाने घालायची, एकदम ओतली की फुटतं.

पुडिंगमध्ये चांदीचं नाणं लपवण्याची ब्रिटिश रीत आहे. तिथल्या चलनी नाण्यांतली चांदी १९४७ मध्येच संपली, आणि दात किंवा घसा यांचा विचार केला तर नाणं शिजवण्यापेक्षा वाढताना एका ताटलीखाली सरकवणं शहाणपणाचं.

पेटवण्यासाठी ४० टक्के अल्कोहोलची ब्रँडी लांब दांड्याच्या पळीत तीन-चार चमचे घेऊन हाताला गरम लागेल इतकीच तापवा. गार ब्रँडी पेटत नाही आणि उकळलेल्या ब्रँडीतलं अल्कोहोल उडून गेलेलं असतं. पळीतच काडी लावा, मग गरम पुडिंगवर ओता. बाटलीतून थेट कधीही ओतू नका, ज्योत बाटलीत शिरू शकते. केस बांधलेले, बाह्या वर, वरची चिमणी बंद, दिवे मालवलेले. ज्योत निळी आणि फिकट असते, उजेडात दिसतच नाही, त्यामुळे विझली असं समजून हात घालू नका.

स्टोलन टोकाकडून कापायचा नाही. मधून कापायचा, दोन्हीकडून हवे तेवढे काप काढायचे आणि उरलेले अर्धे एकमेकांना चिकटवून पुन्हा गुंडाळायचे, म्हणजे कापलेली बाजू उघडी राहत नाही. केक कापायला सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यायची. घरात कुत्रा असेल तर हे सगळे डबे उंचावर ठेवा, मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

६ जानेवारीपर्यंत बिस्किटं आणि स्टोलन संपले. पुडिंगचे उरलेले काप लोण्यात दोन्ही बाजूंनी परतून खाल्ले, आणि खरं सांगायचं तर ते पेटवलेल्यापेक्षा जास्त आवडले. केकचा पाव भाग अजून डब्यात आहे. आयसिंगखाली तो फेब्रुवारीपर्यंत सहज राहतो, फक्त कापलेल्या बाजूला बेकिंग पेपर चिकटवून ठेवायला हवा.